शेतावरची चित्रफीत : आवाज आधी, कात्री मागाहून



गेल्या पूर्वहंगामी लागणीच्या वेळी आपल्या ऊस विकास विभागाने बेणेप्रक्रियेची एक लहानशी चित्रफीत तयार करून गटागटांतील सभासदांच्या फोनवर धाडली होती, हे आपणांस आठवत असेल. सदर चित्रफीत मीच काढली होती, मीच जोडली होती आणि तीत बोलणाराही मीच होतो. पुष्कळांनी "साहेब, झ्याक झालंय" असे कळविलेही. मलाही जरा बरे वाटले, खोटे कशाला बोला.

त्यानंतर तीनेक महिन्यांनी एका गावी ऊस पाहणीस गेलो असता तेथील एक जुने सभासद, ज्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो, मला हाताला धरून आपल्या प्लॉटात घेऊन गेले. ऊस पिवळट पडलेला, फुटवा बेताचा. पाणी कमी नव्हते, तणही नव्हते. मी विचारले, "आबा, युरिया किती दिलात?" तर म्हणाले, "तुमी सांगितलं तेवढाच. निम्मा."

"मग जिवाणूंची प्रक्रिया केली होती ना?"

"केली की. व्हिडिओत दावलंय तशीच केली. एका पिंपात औषध घातलं, त्यातच जिवाणू ओतलं, कांड्या बुडवल्या."

मी बांधावर बसून फोन काढला आणि माझीच चित्रफीत पुन्हा पाहिली. आबांचे काही चुकले नव्हते. चित्रात तसेच दिसत होते.

आता झाले काय, ते सांगतो. बेणेप्रक्रिया दोन टप्प्यांची असते, हे आपण जाणता. आधी बुरशीनाशक व कीटकनाशकाच्या द्रावणात टिपरी दहा-पंधरा मिनिटे बुडवायची. मग ती बाहेर काढून सावलीत सुकवायची. त्यानंतर दुसऱ्या पिंपात १०० लिटर पाण्यात १० किलो अॅसिटोबॅक्टर व सव्वा किलो स्फुरद विरघळविणारे जिवाणू कालवून त्यात अर्धा तास ठेवायची. जिवाणू म्हणजे जिवंत वस्तू. ते औषधाच्या पाण्यात ओतले की मेले. ही प्रक्रिया नीट झाली तर नत्राची निम्मी आणि स्फुरदाची चौथाई मात्रा वाचते, ही शिफारस. परंतु जिवाणूच मेले असतील आणि शेतकऱ्याने नत्र मात्र निम्मे केले, तर ऊस उपाशीच राहणार. आबांचे तेच झाले होते.

मी चित्रीकरण केले होते ११ मिनिटांचे. फोनवर एवढे कोण बघणार, म्हणून कापून ३ मिनिटांवर आणले. कापताना टिपरी सावलीत सुकत पडल्याचा भाग कंटाळवाणा वाटला, तो उडविला. राहिले काय? निळ्या पिंपात औषध, आणि लगेच निळ्या पिंपात जिवाणू. दोन्ही पिंपे एकाच दुकानातली, एकाच रंगाची. बघणाऱ्याला ते एकच पिंप दिसले. मी तोंडाने "आता दुसऱ्या पिंपात" असे म्हटले होते खरे, पण नेमक्या त्याच वेळी शेजारच्या कडबाकुट्टीने आवाज टाकला होता. म्हणजे चित्र खोटे बोलले आणि आवाज गप्प बसला.

त्या दिवशी ठरविले की हे काम करायचे तर शिकून करायचे. पदविकेला आम्हांस मातीचा नमुना कसा घ्यावा हे शिकविले, आवाजाचा नमुना कसा घ्यावा हे कोणी शिकविले नव्हते. गेले काही महिने संध्याकाळी कचेरीतल्या जुन्या संगणकावर बसून जे काही हाती लागले, ते आपल्यापुढे ठेवतो. आपल्या घरातली पोरे-पोरी हल्ली रील्स म्हणून काहीतरी करीतच असतात. त्यांच्या हातात हा अंक द्यावा, त्यांना लवकर समजेल.

प्रथम साधनांविषयी. यासाठी पैसे घालण्याची गरज नाही. आवाजाच्या कामासाठी 'ऑडॅसिटी' नावाचा एक मोफत प्रोग्रॅम आहे. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी व रॉजर डॅननबर्ग या दोघांनी १९९९ साली त्याचे काम सुरू केले आणि २००० साली तो लोकांना खुला केला. चित्र जोडण्यासाठी 'ओपनशॉट' आहे, तो जोनाथन थॉमस यांनी २००८ साली सुरू केला. तोही मोफत. दोन्ही प्रोग्रॅम साध्या संगणकावर चालतात. फोनवरच काम करायचे असेल तर फोनसाठीही अशी पुष्कळ अॅप्स मिळतात, पण बोटाने नेमकी जागा पकडणे मला काही जमले नाही. माझी बोटे उसाच्या पाचटाने राठ झालेली. प्रोग्रॅम उतरवून घेताना मात्र त्याच्या मूळ ठिकाणावरूनच घ्यावा. भलतीकडून घेतला तर संगणकात कीड शिरते, आणि त्या किडीवर फवारणी नाही.

आता आवाज. नवशिका माणूस सगळे लक्ष चित्रावर देतो. मीही तेच केले. खरे पाहता चित्र थोडे हलले, थोडे काळपट आले तरी माणूस बघतो. आवाज समजला नाही तर तो अर्ध्या मिनिटात फोन खिशात घालतो, किंवा आबांसारखा नुसते चित्र बघून काम उरकतो.

आपल्या कानाला एक सवय असते. शेजारी मोटर चालू असली तरी आपण समोरच्याचे बोलणे ऐकतो, मोटर विसरतो. फोनला हे कळत नाही. तो जे कानावर पडेल ते सगळे सारखेच भरून घेतो. म्हणून फोन आणि बोलणारा यांतील अंतर ही पहिली बाब. उघड्या रानात अंतर दुप्पट झाले की आवाजाची ताकद चौथाईवर येते. मी फोनपासून आठ-दहा फुटांवर उभा राहून बोललो होतो, मग कडबाकुट्टी जिंकणार नाही तर काय?

यावर एक सोपी युक्ती आहे. चित्र एका फोनवर घ्यायचे आणि दुसरा फोन बोलणाऱ्याच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात आवाज भरण्यासाठी चालू करून ठेवायचा. फोनचा आवाज घेणारा माईक बहुधा खालच्या बाजूस असतो, म्हणून खिशात फोन उलटा ठेवावा, म्हणजे माईक तोंडाकडे येतो. कॉलरला अडकवायचा माईक मिळाला तर उत्तमच. तो हनुवटीपासून वीतभर खाली लावावा आणि वारे असेल तर त्यावर स्पंजाचा तुकडा चढवावा. उसाच्या फडात वारे सुटले की पाल्याची सळसळ इतकी येते की बोलणाऱ्याचे अर्धे शब्द त्यातच जातात. शक्यतो सकाळी लवकर, वारा पडलेला असताना काम करावे.

दोन फोनांवर वेगवेगळे भरलेले चित्र व आवाज मागाहून जुळवायचे कसे? सुरुवातीला दोन्ही फोन चालू करून बोलणाऱ्याने कॅमेऱ्यासमोर एक खणखणीत टाळी वाजवायची. संगणकावर आवाज लाटांच्या रांगेसारखा दिसतो. टाळीच्या जागी त्या रांगेत एक उंच टोक उभे राहते. चित्रात ज्या क्षणी हात हाताला लागतात, तेथे ते टोक आणून बसविले की जुळले. मग चित्रासोबत आलेला मूळ आवाज बंद करायचा. सिनेमावाले पाटीचा टाप वाजवितात तो याचसाठी, हे मला या वयात कळले. एकच ध्यानात ठेवावे, सलग अर्धा अर्धा तास भरू नये. फोनवरच्या चित्राचा वेग किंचित कमीजास्त होत असतो, त्यामुळे लांबलचक भागात आवाज हळूहळू ओठांच्या मागेपुढे सरकतो. दोन-तीन मिनिटांचे तुकडे घ्यावेत आणि प्रत्येक तुकड्याला टाळी द्यावी.

ऑडॅसिटीत मोटरीचा घरघराट काढता येतो, तो असा. बोलण्यापूर्वी पाच-सहा सेकंद सर्वांनी गप्प राहायचे व नुसता परिसराचा आवाज भरू द्यायचा. संगणकावर तेवढाच भाग निवडून 'इफेक्ट'मधील 'नॉइज रिडक्शन' उघडायचे व 'गेट नॉइज प्रोफाइल' दाबायचे. म्हणजे यंत्राला समजते की नको असलेला आवाज कोणता. मग सगळी रांग निवडून तोच इफेक्ट पुन्हा द्यायचा. पण याची हाव धरू नये. एकसारखा चालणारा आवाज यात कमी होतो. वाऱ्याचा झोत, कुत्र्याचे भुंकणे, फटफटी गेली, हे निघत नाही. आणि फार जोर दिला तर बोलणारा रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो. माझी पहिली दुरुस्ती अशीच झाली होती. घरच्यांनी विचारले, "विहिरीत पडलात का काय?"

ओरडूनही बोलू नये. आवाज प्रमाणाबाहेर गेला की लाटेची शेंडी कापली जाते, आणि ती कापलेली शेंडी नीटशी परत येत नाही. मऊ आवाज मागाहून वाढविता येतो, फाटलेला शिवता येत नाही.

चित्राबद्दल थोडक्यात सांगतो. फोन आडवा धरावा, काच सदऱ्याने नव्हे तर स्वच्छ मऊ फडक्याने पुसावी, ऊन चित्र घेणाऱ्याच्या पाठीशी असावे, आणि फोन विमानातल्या 'एअरप्लेन' अवस्थेत ठेवावा. माझ्या एका चित्रीकरणात नेमकी खोडव्याच्या बुडख्याला कुदळ लागत असताना चिटबॉयचा फोन आला आणि चित्रीकरण बंद पडले.

आता कात्री. येथेच खरे काम आहे आणि येथेच मी घसरलो.

ओपनशॉटमध्ये खाली आडव्या पट्ट्या असतात. त्यांना ट्रॅक म्हणतात. एका पट्टीवर चित्र, दुसरीवर आवाज, वरच्या पट्टीवर अक्षरे, असे मांडता येते. वरच्या पट्टीवर जे ठेवू ते चित्रात वर दिसते. 'रेझर' नावाचे हत्यार घेऊन जेथे टिचकी मारू तेथे पट्टीचे दोन तुकडे होतात. नको तो तुकडा काढून टाकायचा व राहिलेले पुढे सरकवून जोडायचे. यात भिण्यासारखे काही नाही, कारण मूळ चित्रीकरणाला धक्का लागत नाही. प्रोग्रॅम फक्त "अमुक फाइल, येथपासून येथपर्यंत दाखव" एवढीच नोंद ठेवतो. आमच्या शेतकी विभागाच्या लागण नोंदीसारखेच. नोंद वहीत असते, ऊस रानातच असतो. पण म्हणूनच मूळ फाइली एकदा ठेवल्या त्या जागेवरून हलवू नयेत. मी कामाच्या मध्येच सगळ्या फाइली नीटनेटक्या म्हणून दुसऱ्या फोल्डरमध्ये नेल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमने फाइली सापडत नाहीत म्हणून हात वर केले. एक संध्याकाळ त्यात गेली.

हत्यार शिकायला दोन दिवस लागतात. काय कापावे हे शिकायला मला आबांचा ऊस पिवळा व्हावा लागला. शेतीच्या कामाच्या चित्रफितीत दोन प्रकारचा भाग असतो. एक बोलण्याचा फापटपसारा. नमस्कार, मान्यवर, "म्हणजे असं बघा" वगैरे. तो खुशाल कापावा, माझा तर नव्वद टक्के निघाला. दुसरा भाग म्हणजे क्रियेचे टप्पे. वस्तू एका जागेहून दुसऱ्या जागी जाते, वेळ जातो, रंग बदलतो, माणूस हात धुतो. हे बघायला कंटाळवाणे असते म्हणून आपली कात्री आधी त्याकडेच वळते. त्याला हात लावायचा तर त्याची खूण मागे ठेवावी. अर्धा तास कापला तर पडद्यावर 'अर्ध्या तासाने' असे मोठ्या अक्षरांत दोन-तीन सेकंद लिहावे. टिपरी पिंपातून बाहेर येताना दिसली पाहिजेत, सावलीत पडलेली दिसली पाहिजेत, चार सेकंद का होईना. आणि पिंपे वेगवेगळ्या रंगांची घ्यावीत, हे आता आपण हसाल, पण त्यावेळी सुचले नाही.

मराठी अक्षरे टाकताना काही प्रोग्रॅमांत जोडाक्षरे फुटतात, 'प्रक्रिया'चे भलतेच काहीतरी होते. युनिकोड अक्षरवळण निवडून पाहावे. नाहीच जमले तर पांढऱ्या कागदावर ठळक मार्करने लिहून त्याचा फोटो घालावा. दिसायला साधे दिसते, पण वाचता येते.

पाठीमागे सिनेमाचे गाणे लावण्याचा मोह पोरांना फार होतो. लावू नये. ध्वनिमुद्रणावर आपल्या कायद्याने ६० वर्षे मालकी हक्क असतो, तो प्रश्न आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे गाण्याखाली प्रमाण बुडते. "शंभर लिटरला किती?" हा शब्द ऐकू आला नाही तर ती चित्रफीत काय कामाची?

सगळे जोडून झाले की 'एक्सपोर्ट' करून एम.पी. फोर प्रकारची एकच फाइल तयार करतात. फोनवर बघण्यासाठी १२८० बाय ७२० एवढे चित्र पुरे होते. मूळ चित्रीकरण फोनमध्ये मिनिटाला साठ ते सव्वाशे एम.बी. एवढी जागा खाते, ती फाइल तशीच पाठवीत बसू नये.

पाठविण्यापूर्वी मी आता तीन वेळा तपासतो. एकदा आवाज बंद करून नुसते चित्र बघतो. आबांनी तसेच पाहिले होते. एकदा डोळे मिटून नुसते ऐकतो. आणि मग ज्याला त्या कामाची काही माहिती नाही अशा माणसाला दाखवून विचारतो, "आता तू काय करशील, सांग." आमच्या कचेरीतला शिपाई पोरगा या कामी फार उपयोगी पडला. त्याने दुसऱ्या वेळच्या चित्रफितीतही एक चूक काढली. औषध हाताळताना मी हातमोजे घातले होते, पण ते घालताना दाखविले नव्हते. "साहेब, मोजे आधी का नंतर?" म्हणाला.

आणखी एक गोष्ट, जी संगणकात मिळत नाही. १९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांचे रेडिओ श्रोते गट चालविले होते. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, मग त्यावर बोलत आणि शंका आकाशवाणीला कळवीत. नुसते ऐकणारे आणि ऐकून चर्चा करणारे यांत चर्चा करणाऱ्यांच्या ज्ञानात पुष्कळच भर पडली, असे त्या वेळच्या पाहणीत दिसले. पुढे २००६ च्या सुमारास बंगळूरजवळच्या खेड्यांत 'डिजिटल ग्रीन' नावाच्या प्रयोगात रिकीन गांधी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच चित्रफितीने केले. गावातल्याच शेतकऱ्यांचे चित्रीकरण करायचे, संध्याकाळी गटाला दाखवायचे आणि एक माणूस चित्रफीत मध्येच थांबवून प्रश्न विचारणार. त्यांना एक गंमत आढळली. पडद्यावरच्या शेतकऱ्याचे नाव काय आणि गाव कोणते, हे लोकांना आधी हवे असे. मला यात नवल वाटले नाही. आपल्याकडेही प्लॉट बघायला गेले की आधी "कुणाचा हाय?" हाच सवाल.

माझी चित्रफीत एकेकट्या फोनवर गेली होती. ती देवळासमोर दहा जणांत थांबवून दाखविली असती तर कोणी ना कोणी विचारलेच असते, "साहेब, पिंप तेच का?"

आबांच्या प्लॉटात राहिलेला नत्राचा हप्ता भरणीच्या आधी दिला. ऊस सावरला आहे, तरी शेजारच्या प्लॉटाइतका होणार नाही हे मला दिसते आणि आबांनाही दिसते. ते त्याविषयी बोलले नाहीत. चूक झाली हे मी गट बैठकीत सर्वांसमोर सांगितले, येथेही छापून देत आहे. ज्यांनी ज्यांनी ती जुनी चित्रफीत ठेवली असेल त्यांनी ती काढून टाकावी व कोणाला पुढे पाठविली असल्यास त्यांनाही तसे कळवावे.

नवी चित्रफीत तयार आहे. ती ६ मिनिटांची आहे, तिच्यात एक पिंप निळे व एक लाल आहे. मी तीत नाही. बेणेप्रक्रिया आबा करतात आणि बोलतात आमच्या काकू, म्हणजे आबांच्या मंडळी. आधी त्या "मला नगं" म्हणत होत्या, पण खिशाला फोन नाही म्हणून पदराला माईक लावला तसे तासभर न अडखळता बोलल्या. टाळी मात्र त्यांनी वाजवली नाही. आबांनी वाजवली, आणि पहिल्याच वाक्याला आबा कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "मागच्या टायमाला एकाच पिंपात घातलं, तसं करू नका." हे वाक्य मी कापलेले नाही.

सुरू लागणीपूर्वी ही चित्रफीत गटवार दाखविण्यात येईल. ज्यांच्या घरातील मुला-मुलींना हे काम शिकायचे असेल त्यांनी बुधवारी दुपारी ऊस विकास विभागात यावे. सोबत फोन आणि फोनची तार आणावी. संगणक एकच आहे, तेव्हा पाचांपेक्षा जास्त जणांनी एका वेळी येऊ नये, आधी गट कार्यालयात नाव सांगावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी